पटावर नाव आहे, पण वाचता येते का?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. रोजमजुरी करणारा माणूसही बाबासाहेबांचे एखादे पुस्तक, वंदनेची छोटी पुस्तिका, पोरांसाठी एखादे चरित्र पिशवीत टाकतो. पुस्तकांच्या दुकानांपुढची ही गर्दी आपल्या समाजाची ओळख आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण घरी नेलेले ते पुस्तक पुढची पिढी वाचू शकेल का, हा प्रश्न अलीकडे आम्हाला सतावतो.

उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली. चौथी-पाचवीतले मूल वंदनेची पुस्तिका हातात धरून त्रिशरण, पंचशील घडाघडा म्हणते. पान उलटायचे तिथे बरोबर उलटते. मग त्याच पुस्तिकेच्या प्रस्तावनेतली एक साधी मराठी ओळ आम्ही त्याच्यापुढे धरतो. मूल पहिले अक्षर ओळखते, दुसऱ्यावर थांबते, मात्रा गाळते आणि आमच्या तोंडाकडे बघते. त्याला वंदना पाठ होती, वाचता येत नव्हती. हे मूल शाळाबाह्य नाही. त्याचे नाव पटावर आहे, हजेरी लागते, वह्या भरलेल्या आहेत आणि दरवर्षी ते वरच्या वर्गात जाते.

शाळेत वाचन कसे शिकवले जाते, ते कुठे अडते आणि कार्यकर्ते म्हणून आपण काय करू शकतो, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये काय मोजले?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. त्या भाषणात बाबासाहेबांनी किती मुले शाळेत दाखल झाली एवढाच हिशेब मांडला नाही. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय असावा, हेही त्यांनी सांगितले. शाळेच्या दारातून आत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि आयुष्यभर साक्षर राहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पाण्याचा हक्क आणि अक्षराचा हक्क हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच महिन्यात हाती घेतले होते.

त्या काळी मूल शाळा सोडत असे, म्हणून निरक्षर राहत असे. आज मूल शाळेत टिकते, तरीही अनेकदा वाचायला शिकत नाही. गळती कागदावरून कमी झाली, पण बाबासाहेबांनी लावलेली कसोटी अजून पुरी झालेली नाही. दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण या सगळ्यांसाठी आपण भांडतो आणि भांडलेच पाहिजे. मात्र या सगळ्यांच्या आधीची पायरी तिसरीपर्यंत वाचता येणे ही आहे. ती पायरी चुकली तर पुढच्या सवलती त्या मुलापर्यंत पोहोचतच नाहीत.

वाचणे म्हणजे नेमके काय?

वाचनात दोन कामे एकत्र चालतात. पहिले काम अक्षरचिन्हाचा आवाज ओळखून शब्द जुळवण्याचे. दुसरे त्या शब्दांतून अर्थ लावण्याचे. पहिले काम जमत नसेल तर दुसरे सुरूच होत नाही. पहिले जमते पण फार सावकाश जमते, तेव्हा वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून वाचनाचा वेगही महत्त्वाचा ठरतो. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला ही पायाभूत क्षमता मिळावी, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवलेली आहे.

तिसरीचाच आग्रह का? पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरी-चौथीपासून त्याने वाचून शिकावे अशी अपेक्षा असते. परिसर अभ्यास, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे वाचनावर उभे असते. जे मूल इथे अडते ते फक्त मराठीत मागे पडत नाही, सगळ्याच विषयांत पडते. मग "त्याचे डोके चालत नाही" असा शिक्का बसतो. आपल्या मुलांवर हा शिक्का मारायला समाज आधीपासूनच तयार असतो.

देवनागरी सोपी आहे, आणि अवघडही

देवनागरीत लिहिल्यासारखे वाचतात, म्हणून ती सोपी, असे आपण म्हणतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण लहान मुलाच्या जागी बसून बघा. सगळी मुळाक्षरे, त्यांना लागणाऱ्या काना-मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार अशी बाराखडीचीच रूपे चारशेच्या घरात जातात. जोडाक्षरे वेगळीच.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, म्हणून "दिवा" वाचताना मूल गोंधळते. र चार-पाच रूपांत भेटतो: "कर", "क्रम", "ट्रक", "धर्म", "पुऱ्या". "चार" आणि "चाक" यांत च एकच दिसतो, उच्चार दोन. "धम्म", "बुद्ध", "भिक्खू" हे आपल्या घरात रोज ऐकू येणारे शब्द, पण ते सगळे जोडाक्षरांचे.

कन्नड लिपीचीही घडण अशीच आहे. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी अक्षररूपे पक्की व्हायला मुलांना तिसरी-चौथीपर्यंत वेळ लागतो, असे त्यात दिसले. आपल्या शाळांत मात्र पहिलीतच बाराखडी संपवायची घाई असते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात. दिवाळीपर्यंत मुळाक्षरे आणि त्यानंतर बाराखडी, असा धोशा लागतो. ज्याच्या घरी आई-वडील शिकवणारे आहेत त्याचे निभावते. ज्याची आई धुणीभांडी करायला जाते आणि बाप ऑटो चालवतो, त्याचे मूल तिथेच सुटते.

वर्गात कुठे अडते?

पहिली अडचण क्रमाची. वर्णमाला "क ख ग घ ङ" अशी शिकवली जाते. हा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने उत्तम आहे, पण वाचन शिकायला गैरसोयीचा आहे. या पाच अक्षरांतून मुलाच्या ओळखीचा एक तरी शब्द बनतो का ते करून बघा. ङ तर सुटा कुठे भेटतच नाही. याउलट क, म, न, ल, र ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घेतले तर काम, कान, नाक, मान, लाल, कमल, काका, मामा, नाना असे शब्द बनतात आणि "कमल काम कर" असे वाक्यही पहिल्याच महिन्यात वाचता येते. आपण वाचतो आहोत, हे मुलाला त्याच दिवशी कळते.

दुसरी अडचण घोकण्याची. "क का कि की" सुरात म्हटली जाते, संपूर्ण वर्ग एका आवाजात म्हणतो. त्या आवाजात कोणाला येते आणि कोणाला नाही हे लपून जाते. मुलाला "मु" ओळखायला सांगितले की ते "म मा मि मी" असे पहिल्यापासून म्हणत तिथे पोहोचते.

तिसरी अडचण उतरवून घेण्याची. फळ्यावरचे वहीत उतरवले की अभ्यास झाला. वही सुंदर दिसते, पालक खूश होतात. पण उतरवणे हे चित्र काढण्यासारखे आहे, ते न वाचताही करता येते.

चौथी अडचण चित्रासोबत अक्षर पाठ करण्याची. अंकलिपीत "ग गणपतीचा" की "ग गवताचा", "क्ष क्षत्रियाचा" का, यावर आपल्या चळवळीने प्रश्न विचारले आणि ते योग्यच आहेत. मुलाच्या मनावर पहिल्या पानापासून काय बिंबवले जाते, हे बघितलेच पाहिजे. पण ग गवताचा म्हणणाऱ्या मुलालाही "मग" या शब्दातला ग ओळखता आला नाही, तर आपली लढाई अर्धवटच राहिली.

पाचवी अडचण अर्थाची. धडा वाचून झाला की प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात आणि मुले ती पाठ करतात. तुला काय वाटले, तू असतास तर काय केले असतेस, हे विचारले जात नाही. गोष्टीची पुस्तके शाळेत असली तरी फाटतील या भीतीने कपाटात राहतात.

यात शिक्षकांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. सतत माहिती भरून पाठवायची असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत, तरी शिक्षक कायम कुठल्या तरी कामात अडकलेले दिसतात. आणि पहिलीच्या मुलाला वाचन कसे शिकवायचे, याचे सखोल प्रशिक्षण बहुतेकांना मिळालेलेच नसते.

घरची भाषा चुकीची नसते

आपल्या वस्तीतले मूल घरी "मले", "तुले", "काहून" म्हणते. "पाणी"ला "पानी" आणि "डोळा"ला "डोया" म्हणणारी घरे आहेत. गल्लीत नागपुरी हिंदी चालते. पुस्तकातली मराठी मात्र प्रमाण मराठी असते.

समजा पुस्तकात "मला भूक लागली" असे आहे. एक मूल "मले भूक लागली" असे वाचते. दुसरे "माल भूक लागली" असे वाचते. वर्गात दोघांनाही चूक मिळते. पण या दोन चुकांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या मुलाने अक्षरे ओळखली, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत बोलून दाखवला. ते वाचते आहे. दुसऱ्याचा काना चुकीच्या जागी गेला आणि अर्थही हरवला. त्याला मदत हवी आहे. पहिल्याला हसणारा वर्ग त्याला एवढेच शिकवतो की तुझी आई बोलते ती भाषा गावंढळ आहे. मग ते मूल तोंड उघडणेच बंद करते.

या प्रश्नावर धम्माची भूमिका स्पष्ट आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि लोकांनी धम्म आपापल्या भाषेत शिकावा असे सांगितले, ही नोंद विनयपिटकात आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हणते. प्रमाण मराठी शिकायचीच आहे, कारण परीक्षा आणि नोकरी तिच्यात आहे. पण तिच्यापर्यंतचा रस्ता घरच्या बोलीतून जातो.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्यावरून महाराष्ट्रात वादळ उठले. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर केले. भाषा किती असाव्यात यावर सगळे बोलले. पहिली भाषा तरी मुलांना वाचता येते का, यावर फारसे कोणी बोलले नाही.

इंग्रजी माध्यमात गेले म्हणजे सुटले का?

इंदोरा असो की इमामवाडा, पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी शाळेत घालणारे पालक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. इंग्रजी म्हणजे प्रतिष्ठा आणि नोकरी, हे त्यांनी अनुभवातून ओळखले आहे. पण फी भरून वाचन मिळतेच असे नाही.

अनेक ठिकाणी मूल "सी-ए-टी, कॅट" असे पाठ करते. सी, ए, टी ही अक्षरांची नावे झाली. ती एकापुढे एक म्हटली तर "सीएटी" होते, "कॅट" होत नाही. "क्-अॅ-ट्" हे आवाज कोणी शिकवलेच नाहीत तर प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग पाठ करावे लागते. दुसरी-तिसरीपर्यंत हे खपते, नंतर शब्द इतके वाढतात की पाठांतर कोलमडते.

अमेरिकेतही हा वाद अनेक दशके चालला. मुलाने चित्रावरून आणि संदर्भावरून शब्दाचा अंदाज घ्यावा, असे शिकवणारी पद्धत तिथे जोरात होती. २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने उपलब्ध संशोधन तपासून, अक्षर आणि आवाज यांचे नाते पद्धतशीर शिकवल्याने मुलांना फायदा होतो, असा निष्कर्ष दिला. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही आवाज शिकवावे लागतात. आपल्या मुलांना तर आवाज आणि भाषा दोन्ही नवीन.

महाराष्ट्रात झालेले काम

या प्रश्नाची उत्तरे आपल्याच राज्यात शोधली गेली आहेत. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन १९६६ मध्ये फलटणला आल्या, तिथल्या बोलीवर त्यांनी संशोधन केले आणि तिथल्याच झाल्या. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांच्यासोबत त्यांनी एका ग्रंथाचे संपादनही केले. १९७८ मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. सुरुवात मंगळवार पेठेतल्या दलित मुलांपासून झाली. त्यातून मराठी वाचनासाठी अक्षरांचे छोटे गट करून, त्यांच्यासोबत मात्रा देत, लगेच शब्द आणि वाक्ये वाचायला लावण्याची पद्धत उभी राहिली. पुढे १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथून नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था आदिवासी मुलांच्या वाचनावर काम करते.

शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाडा तालुक्यातल्या मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड मुलांचा पहिली ते तिसरी असा तीन वर्षे अभ्यास केला. "लिरिल" या नावाने तो ओळखला जातो. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलांना नीट वाचता येत नाही, वर्गातला पुष्कळ वेळ उतरवण्यात आणि एकसुरात म्हणण्यात जातो, आणि अर्थाकडे व मुलांच्या स्वतःच्या लेखनाकडे दुर्लक्ष होते, हे त्यातून पुढे आले.

तिसरे उदाहरण मुंबईचे. प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या. त्यांना "बालसखी" म्हणत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या कामाची तपासणी केली, तेव्हा मुलांची पातळी सुधारल्याचे दिसले. या दोघांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. यातला धडा आपल्यासाठी फार मोलाचा आहे. बालसखी बी.एड. झालेल्या नव्हत्या. त्या वस्तीतल्या, थोडे प्रशिक्षण मिळालेल्या आणि मुलांच्या पातळीपासून सुरुवात करणाऱ्या मुली होत्या.

आकडे आणि आपली वस्ती

"असर" हा वाचनाचा अहवाल २००५ पासून निघतो. त्यात मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. कोरोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते २३.४ टक्के झाले. सुधारणा झाली, पण चारपैकी तीन मुले अजून बाहेरच आहेत. पाचवीतही २०२४ मध्ये ४४.८ टक्केच मुलांना तो मजकूर वाचता आला.

हे सर्वेक्षण ग्रामीण भागाचे असते. पाचपावली, टेका, बेझनबाग इथल्या मुलांची पातळी त्यातून कळत नाही. शाळेच्या प्रगतिपत्रकात श्रेणी असते, पण मूल अनोळखी मजकूर वाचते का ते त्यावरून समजत नाही. म्हणून हे मोजमाप आपल्यालाच करावे लागेल.

"सगळ्यांना पास करतात म्हणून असे झाले, नापास करा" असे आपल्यातलेही काहीजण म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रानेही ती स्वीकारली आहे. आमचे मत वेगळे आहे. पहिलीत जे शिकवले गेले नाही त्याची शिक्षा पाचवीत मुलाला देऊन ते वाचायला शिकत नाही. त्याच वर्गात, तशाच पद्धतीने आणखी एक वर्ष बसलेले मूल बहुधा शाळाच सोडते, आणि ते मूल कोणत्या वस्तीतले असते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यापेक्षा पहिली-दुसरीतच तपासा आणि तिथेच मदत द्या.

विहारात काय करता येईल?

१. आधी तपासा. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटे, शांत जागी बसवा. क्रम सोडून दहा अक्षरे, मग घर, पाणी, विहार, मैत्री, पुस्तक असे शब्द, मग चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि शेवटी छोटी गोष्ट द्या. गोष्टीवर दोन प्रश्न विचारा. मजकूर मुलाने आधी पाहिलेला नसावा. "मकाली" असा अर्थ नसलेला एखादा शब्दही द्या. पाठांतर की वाचन, हे लगेच कळते. निकाल इतर मुलांसमोर सांगू नका, फलकावर लावू नका.

२. पातळीप्रमाणे गट करा, इयत्तेप्रमाणे नको. पाचवीतले मूल अक्षरांवर अडलेले असेल तर सुरुवात तिथूनच. मोठ्या मुलांना लाज वाटते, म्हणून त्यांचा गट वेगळा ठेवा.

३. रोज थोडे करा. आठवड्याला एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास बरा. त्यात थोडी अक्षरे, थोडे शब्द जुळवणे, आणि मोठ्याने एक गोष्ट वाचून दाखवणे असावे. गोष्ट ऐकणे हा वेळेचा अपव्यय नाही. ज्या घरात पुस्तके नाहीत त्या मुलाला पुस्तकाची भाषा तिथेच पहिल्यांदा ऐकू येते.

४. मुलाचे बोलणे लिहून घ्या. "मी काल कामठीले गेलो होतो" असे मूल म्हणाले तर तसेच लिहा आणि त्यालाच वाचू द्या. स्वतःचे वाक्य वाचायला कोणाला आवडत नाही? नंतर त्याशेजारी पुस्तकी रूप लिहा.

५. वंदनेचा उपयोग करा. जे पाठ आहे त्याखाली बोट फिरवत शब्द ओळखायला लावा, मग तोच शब्द दुसरीकडे शोधायला सांगा. पालीचा अर्थ मराठीत समजावून सांगा, नाहीतर तेही घोकणेच होईल.

६. पुस्तके मुलांच्या हातात द्या. बालभारतीचे "किशोर" मासिक १९७१ पासून निघते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि छापताही येतात. जयंतीच्या खर्चातला छोटा वाटा या पुस्तकांसाठी काढला तर कोणत्याही मंडळाची शोभा कमी होणार नाही. पुस्तके फाटली तर फाटू द्या.

७. शाळेत जा, पण भांडायला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या वस्तीतल्या आयांनी तिथे बसून दोनच प्रश्न विचारावेत: तिसरीतली किती मुले अनोळखी गोष्ट वाचतात? जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी या महिन्यात काय केले?

८. काही मुलांकडे वेगळे लक्ष द्या. नीट मदत मिळूनही मूल अडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेली आहे. तशा मुलाला सवलतींचा हक्क आहे. आळशी म्हणून मार खाणे त्याच्या वाट्याला येऊ नये.

जाईबाईंची आठवण

उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी रस्त्याने डोक्यावर ओझी वाहायच्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या, एका मिशनरी बाईंच्या मदतीने शाळेत शिक्षिका झाल्या. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी मुले काढून घेतली आणि त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. अनुदान, इमारत, प्रशिक्षण यांची वाट बघत त्या थांबल्या नाहीत.

जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा संदेश दिला. त्यातला पहिला शब्द आपण बॅनरवर लिहितो. तो बॅनर आपल्या गल्लीतल्या तिसरीतल्या मुलीला वाचता येतो का, हे येत्या रविवारी विहारात बसून बघूया. येत नसेल तर तिथूनच कामाला लागूया.

जय भीम, नमो बुद्धाय.